पाठमोरे फोटो

आमच्या फोटोग्राफी क्लबात दर दुसऱ्या रविवारी सकाळी हौशी लोकांचे फोटो पडद्यावर लावतात आणि त्यांवर मी बोलते. कुवेंपुनगरातल्या एका दवाखान्याच्या वरचा हॉल आहे, तीसेक खुर्च्या मावतात. कॉलेजातली नोकरी संपल्यावर मी हे काम अंगावर घेतलं. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर निम्मे लोक त्यासाठीच येत. एका निवृत्त इंजिनियरने कबिनीच्या काठावरचे हत्ती काढून आणले होते. मी म्हटलं, "ही ओली पोती कुणी नदीकाठी टाकली?" हॉल हसून हसून लोळला. इंजिनियर पुन्हा आले नाहीत. एका वाक्याने पळणाऱ्याने कॅमेरा विकून टाकावा, असं मी नंतर चहा पिताना म्हणालेही.

त्याच सुमाराला एक शिंपी येऊ लागला. देवराज मोहल्ल्यात त्याचं लहानसं दुकान, बायकांचे ब्लाउज शिवायचा. वय माझ्याच आसपास, साठीला टेकलेलं. जावयाने दिलेला जुना कॅमेरा गळ्यात. मी जिन्यात फोनवर बहिणीशी मराठीत बोलत होते ते त्याने ऐकलं आणि फोन ठेवेपर्यंत बाजूला थांबून राहिला. मग म्हणाला, "अक्का, आमच्या घरातपण मराठीच. आमचे पणजे इथल्या महाराजांच्या लष्करात होते. तुमचेपण, अल्वा?" हे कन्नड 'हो ना' त्याच्या मराठीत मधूनच यायचं.

माझेही होते. पण मी नुसती मान हलवली. आपल्या भाषेचा माणूस म्हणून हा आता सांभाळून घ्यायला सांगणार, असं मला वाटलं. त्याने तसं काही सांगितलं नव्हतं. तरी त्याची पाळी आली तेव्हा मी जास्तच कडक व्हायचं ठरवून बसले होते.

त्याने सात फोटो आणले होते. सातही एकाच बाईचे, आणि सातही पाठमोरे. खिडकीशी बसून अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलणारी, गच्चीवर केस वाळवणारी, ब्लाउजला हुक लावणारी. मानेवरची शीर, ब्लाउजच्या पाठीची शिवण, खांद्यावरून खाली आलेला उजेड. आज आठवून बघते तेव्हा त्यातले दोन तरी चांगले होते. त्या दिवशी मला ते दिसले नाहीत, कारण मी बघतच नव्हते. काय बोलायचं ते जुळवत होते.

"ही बाई आहे की पडदा?" मी विचारलं.

लोक हसले. तोही हसला.

"माझी बायको आहे, मॅडम," तो म्हणाला. हॉलमध्ये सगळ्यांसमोर तो मला मॅडम म्हणायचा. "तिला नको वाटतं. तोंड काढू देत नाही."

"मग दुकानासमोर साडी नेसवून पुतळी ठेवतात ना, तिचे काढा. ती नाही म्हणणार नाही."

पुन्हा हसणं. आता तो हसला नाही. मला तिथे थांबता आलं असतं. पण हॉल माझ्या हातात होता आणि तो सोडवत नव्हता. मी म्हटलं, "पाठ कुणालाही काढता येते. चेहरा मागावा लागतो. दिला नाही तर घ्यावा लागतो. तेवढी हिंमत नसेल तर आपलं शिवणकाम बरं."

त्याने खिशातून मापं लिहायची वही काढली आणि माझं वाक्य त्यात उतरून घेतलं. शेजारच्या माणसाला एक शब्द विचारून नीट केला.

पुढच्या बैठकीला त्याने एकच फोटो आणला. तो पडद्यावर आला. खिडकीतल्या बाईने वळून पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्याचा डावा भाग खाली ओघळलेला होता, ओठाचा कोपरा गळालेला, एक डोळा नको इतका उघडा. उजवा भाग धडधाकट होता आणि त्या भागात राग होता. तिचा हात कॅमेऱ्याच्या दिशेने वर येत होता. त्याला उशीर झाला होता.

"दोन वर्षांमागे तोंडावरून वारं गेलं तिच्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तेव्हापासून कुणासमोर येत नाही. मी हाक मारली. वळली तेवढ्यात घेतला."

त्या क्षणी मला सगळं समजलं. समजलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. हा फोटो बंद करा, घरी जा आणि तिची माफी मागा, एवढंच बोलायचं होतं. मी म्हणाले, "आता तुम्ही फोटोग्राफर झालात." त्याचा चेहरा उजळला. मग मी खिडकीच्या उजेडावर दहा मिनिटं बोलले, आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, सुधारणा सुचवली.

"तो हात काढून टाका. त्याच्यामुळे नजर चेहऱ्यावर टिकत नाही. खालून कापा."

"सरि, बरं मॅडम," तो म्हणाला, आणि तेही वहीत लिहिलं.

वार्षिक प्रदर्शनात तो फोटो मोठा करून दाराच्या समोरच लावला होता. हात नव्हता. आता ती बाई आपणहून चेहरा देते आहे असं वाटत होतं. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं, परीक्षकांत मी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. पदराने अर्धं तोंड झाकलेलं, बरोबर माहेरच्या गावाहून, एच. डी. कोट्याहून, आलेला तिचा थोरला भाऊ. ब्लाउज शिवायला आलेल्या कुण्या गिऱ्हाइकाने तिला घरी येऊन सांगितलं होतं की तुझा फोटो लागलाय. तिचा नवरा माझ्या शेजारी उभा होता. ती त्याच्याकडे न बघता सरळ फोटोसमोर गेली. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"माझा हात एल्ली?" तिचे शब्द ओठातून नीट सुटत नव्हते, म्हणून तिने पुन्हा विचारलं. "हात कुठं गेला? मी हात आडवा धरला होता."

"तो कापला," मी म्हटलं. "फोटो चांगला दिसावा म्हणून."

"कुणी?"

मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"यांनी," मी म्हणाले.

त्याने मान वर केली नाही आणि माझं नावही घेतलं नाही. ती त्याच दुपारी भावाबरोबर कोट्याला गेली आणि परत आली नाही.

दोन महिन्यांनी मी त्याच्या दुकानात गेले. माफी मागायची म्हणून गेले होते, पण निघताना ब्लाउजपीस आणि मापाचा एक ब्लाउज बरोबर घेतला होता, निमित्त लागलं तर असावं म्हणून. त्याने मापाचा ब्लाउज मागून घेतला, तो टेपने मोजला, वहीत आकडे लिहिले. मी विचारलं, बायको कशी आहे.

"दर सोमवारी जातो. तिचा भाऊ बाहेरच्या ओट्यावर चहा देतो. ती आतनं बोलते. बाहेर येत नाही."

"मी तिला खोटं सांगितलं," मी म्हणाले.

"खोटं कसं, अक्का? कापायला सांगितलं तुम्ही, पण कापलं मीच." त्याने कापडाची घडी घातली, मग विचारलं, "फोटो चांगला होता, अल्वा?"

"होता," मी म्हणाले.

त्याला तेवढंच हवं होतं, असं वाटलं. कॅमेरा मात्र त्याने जावयाला परत देऊन टाकला होता.

मी रविवारी अजून बोलते. आता जपून बोलते, आधी दोन बऱ्या गोष्टी सांगते, कुणाला हसवत नाही. येणारे कमी झालेत. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि मला सगळ्यात जास्त तेच सलतं, हेही लिहून ठेवायला हवं.