तीन फाइलींचं खळं

रविंद्रदादा कॉम्प्युटरशी बैलाशी बोलावं तसे बोलायचे. मशीन अडलं की मॉनिटरवर हलकीशी थाप मारून म्हणायचे, "चल रे राजा, बांध आला, वळ आता." बाकीच्यांना हसू यायचं, मला राग यायचा. बैल-नांगर मागे टाकून मी कॉम्प्युटर शिकायला शहापूरला आले होते, आणि इथेही पुन्हा बैलच! पण माझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर, आणि दादांच्या तोंडून कुणी वर चढलेला आवाज ऐकलेला नाही. आमचं जमलं कसं, हे देवाला ठाऊक.

दादा मुरबाडकडचे, म्हसा गावाच्या अलीकडच्या एका वाडीतले. घरी भातशेती. शिकून मुंबईत नोकरीला लागले, आसनगावहून बरीच वर्षं जाऊन-येऊन केली आणि एक दिवस ती नोकरी सोडून शहापूरच्या बाजारात, पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली घेऊन सॉफ्टवेअर करायला बसले. ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. गिरणी सुरू झाली की आमच्या टेबलावरचे कप थरथरायचे आणि कीबोर्डवर पीठ बसायचं. त्यांचे सख्खे भाऊ दामू म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलाय," आणि त्यांनी अबोला धरला. दादा तरीही दर सणाला त्यांच्या दारात जाऊन बसायचे. अबोला त्यांचा, माझा नाय, म्हणायचे.

मी डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातली. दादांनी मला ठेवून घेतलं तेव्हा मला येत काय होतं? टायपिंग आणि हट्ट. प्रोग्रॅम लिहायला त्यांनीच शिकवलं. माझे वडील नवशा यांनी मात्र मुदत घातली होती. "म्हशाच्या जत्रेपरीत बघतो. नोकरीत कायम झालीस तं ठीक, नायतर पावण्यांना हो सांगतो." पाहुण्यांनी मला बघून पसंत केलं होतं, आणि लग्नानंतर नोकरी नको, हेही सांगून ठेवलं होतं. आणि दादांकडे मला कायम करण्याइतकं काम नव्हतं. एका संस्थेच्या आश्रमशाळांचं काम मिळालं, तरच ते जमणार होतं.

त्या शाळांसाठी आम्ही जो प्रोग्रॅम केला, तो एकच होता, पण त्यातून तीन फाइली काढायच्या होत्या. एक शाळेच्या कार्यालयासाठी, एक शिक्षकांना निकाल लावायला आणि एक वसतिगृहाच्या कोठीसाठी. ज्याला जे लागेल तेवढंच त्याच्या मशीनवर. कोड एकत्र करून त्याच्या अशा फाइली बांधायचं काम अँट नावाचं एक साधन करायचं. काय उचलायचं, काय कशात भरायचं, हे त्याला एकदा लिहून दिलं की झालं. ते लिहायचं काम दादांनी माझ्यावर सोपवलं. मी एकेक फाइल बांधून लगेच चालवून बघितली. तिन्ही उत्तम. मग तिन्ही एकदम बांधायची आज्ञा दिली, पडद्यावर 'सक्सेसफुल' आलं, आणि मी खुशीत सीडी करून दादांच्या पिशवीत टाकली.

प्रोग्रॅम दाखवायला ज्या आश्रमशाळेत गेलो, तिथे संस्थेचे चिटणीस स्वतः आले होते. कोठीचा भाग झकास चालला. ते म्हणाले, "आता निकाल दाखवा." सीडीवर निकालाची फाइलच नव्हती. कार्यालयाचीही नव्हती. माझं तोंड सुटलं, "सीडीच खराब आहे!"

"सीडी बरी आहे गो," दादा म्हणाले. "पेनड्राइव्ह लाव."

पेनड्राइव्हवर सगळा कोड होता, अँटही. मी अँटला लिहून दिलेल्या सूचना दादांनी सावकाश वाचल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक फाइल बांधण्याआधी मी आउटपुटचं फोल्डर रिकामं करायला लावलं होतं. म्हणजे दुसरी फाइल बांधताना पहिली पुसली जात होती, आणि तिसरी बांधताना दुसरी.

"हे दर वेळी कशाला?"

"खळं झाडल्याबिगर दुसरं भात झोडायला घेत नाय आमी," मी फणकारले. "जाड्या भातात बारीक गेलं की बियाणं वाया."

दादा इतके हसले की चिटणीस दचकले. "आमच्यातबी तसंच. पण पयलं भात कणगीत भरल्यावर झाडता ना गो? का तसंच झाडून टाकता?"

मी कपाळाला हात लावला. दादा पुढे म्हणाले, "झाडायचं सोडू नको. जुनं नव्यात मिसळलेलं मी मुंबईत लई निस्तरलंय. फक्त कणगी कर."

मग त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि स्वतः चिटणिसांना शाळेची विहीर बघायला घेऊन गेले. मी दोन फोल्डर केली. एक बांधकामाचं, त्याचं नाव 'खळं', आणि एक तयार मालाचं, 'कणगी'. फाइल बांधून झाली की कणगीत, मगच खळं झाडायचं. ते परत आले तोवर तिन्ही फाइली कणगीत होत्या. निकाल लागला, कार्यालयही उघडलं.

"प्रोग्रॅम चांगला आहे," चिटणीस दादांना म्हणाले. "काम तुम्हाला देतो. पण बाकीच्या शाळांत ही मुलगी नको, अनुभवी माणूस आणा. चूक कुणाची होती ते मला दिसलं."

"चूक माझी. सीडी न तपासता मी घेऊन आलो."

"तरीपण."

"मग साहेब, सीडी परत द्या," दादा म्हणाले. आवाज नेहमीचाच.

चिटणिसांनी माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्या शाळेत पुन्हा असं झालं तर?"

"तर तिथंच बसून दुरुस्त करीन. आज केलं तसं," मी म्हणाले. जीभ ऐकते थोडीच!

ते पहिल्यांदा हसले. "पुढच्या आठवड्यात या. दोघंही."

एस.टी.ची वाट बघताना मी दादांना विचारलं, "त्यांनी खरंच सीडी परत दिली असती तर?"

"काम गेलं असतं."

"मग?"

"काम परत मागून आणता येतं. पण तुला सोडून हेच घेतलं असतं, तं तुला पावण्यांच्या घरून परत मागून आणता आली असती काय?"

पाहुण्यांचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. माझे वडीलच एकदा गिरणीवर येऊन सांगून गेले होते म्हणे, आणि दादांनी मला त्याचा सुगावाही लागू दिला नव्हता. एस.टी.त खिडकीकडे तोंड करून मी खूप रडले, आणि दादांनी ते बघितलंच नाही असं दाखवलं. जत्रेच्या आधीच मी कायम झाले, आणि वडिलांनी पाहुण्यांना नकार कळवला. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि मला ते फेडायचेही नाहीत. कुणापुढे सहज वाकणाऱ्यातली मी नव्हे. पण अजूनही दादांच्या घरी गेले की मी त्यांच्या पाया पडते, आणि ते दर वेळी संकोचून पाय मागे घेतात.