मंजरीची हरवलेली वेलांटी

माझ्या मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात तिचं नाव 'मांजर' असं जाहीर झालं, आणि त्याला मी जबाबदार आहे.

एवढं एक वाक्य लिहायला मला कित्येक वर्षं लागली. आजवर हा विषय निघाला की मी उठून बाथरूमला जात असे. (त्यामुळे माझ्या प्रकृतीबद्दल घरात भलताच समज पसरला. सुनंदाने दोनदा माझी तपासणीसुद्धा करवली.) पण आता वय झालं. खरं काय ते सांगून टाकतो.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी इकडे परदेशात, तुआसच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि समुद्राकाठच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या, पायात पायात येत होतो. निरोपाच्या वेळी कारखान्याने मला घड्याळ दिलं आणि मी भंगारातून एक बोर्ड उचलून आणला. लाल दिव्यांचा, त्यावर अक्षरं पळतात तसला, लांबीला आमच्या सोफ्याएवढा. सुनंदाने तो पाहिला, घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "यातलं एक परत देता येईल का?"

त्याच सुमारास सुनंदाच्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी मंजरी. मुलगा अमेय बोकील, चांगी बिझनेस पार्कमध्ये आयटीत. मुलाचे आईवडील साखरपुड्यासाठी पुण्याहून येणार होते. वसंता बँकेत अकाउंटंट, मुळातच घाबरट. त्यात विहीणबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. वसंताने त्यांना निमंत्रणाचा मजकूर पाठवला, तर त्यांनी तो ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवला. वर शेरा : 'ठीक'.

"ताई," वसंता सुनंदाला रोज फोन करी, "विहीणबाईंसमोर काही चुकायला नको गं. बाकी काही नको मला."

मी मागून ओरडलो, "वसंता, काळजी सोड! दारात माझा बोर्ड लावू. मंजरीचं नाव दिव्यांत झळकेल!"

"भावोजी, फुलं पुरेत," वसंता म्हणाला. तो किती शहाणा आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अडचण एकच होती. बोर्डावर मजकूर चढवायचा तो संगणकातून, आणि बोर्डाची जोडणी जुनी, सीरियल पोर्टची. आमच्या नव्या लॅपटॉपला सीरियल पोर्टच नव्हतं, नुसती यूएसबीची चपटी भोकं.

"सीरियल बंद झाली!" मी हताश होऊन म्हणालो.

"कुठली?" सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. "दुपारची की रात्रीची?"

"अगं, सीरियल पोर्ट!"

"पोर्ट कसं बंद होईल? आत्ता तर खिडकीतून जहाज दिसलं मला!"

मी तिला समजावायचा नाद सोडला आणि वसंताला फोन लावला. बँकेतून येताना यूएसबीचा अडॅप्टर घेऊन ये, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा नर. मादी नको. थोड्या वेळाने त्याचा उलटा फोन आला. तो एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत होता आणि गाडीच्या आवाजावर आवाज काढत होता.

"भावोजी, मादी पुष्कळ होत्या, पण मी नरच घेतला!"

आणि त्याने एकदम फोन ठेवून दिला. नंतर कळलं, की शेजारी आमच्या मराठी मंडळातल्या एक बाई बसल्या होत्या आणि त्या पुढच्याच स्टेशनला उतरून गेल्या.

अडॅप्टर उत्तम होता. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे. अडॅप्टर उत्तम होता!

केबल मात्र मी बनवली. बोर्डाबरोबरच्या पुस्तिकेत पाच वायरी जोडायला सांगितल्या होत्या. मी तीन जोडल्या. एक जाणारी, एक येणारी, एक अर्थिंगची. उरलेल्या दोन्ही शोभेच्या, असं मी उभ्या आयुष्याच्या अनुभवावरून ठरवलं. (त्या दोन वायरींतून बोर्ड संगणकाला 'थांब जरा, शेवटचं अक्षर घ्यायचंय' असं सांगत असतो, हे मला फार उशिरा समजलं.)

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घरी चाचणी घेतली. TEST असं टाइप केलं. बोर्डावर आलं TES.

"अहो, शेवटचा टी कुठे गेला?" सुनंदाने विचारलं.

"पलीकडच्या कडेला गेला असेल. पळतात ना ती अक्षरं!"

"मग बाकीची कशी परत आली?"

"ती पुढे होती," मी म्हणालो. एवढं शास्त्रीय उत्तर देऊन मी बोर्ड गुंडाळला.

वसंताच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी सगळे जमले. बोर्डाला देवनागरी येत नव्हती, म्हणून मी मराठीच रोमन लिपीत लिहिलं होतं. एका ओळीत MANJARI, दुसऱ्या ओळीत BOKIL. मुलीचं नाव आणि व्याह्यांचं आडनाव. सुटसुटीत, डौलदार. बोकील मंडळी दारात आली. विहीणबाई पुढे, सोनेरी काड्यांचा चष्मा, हिरवी पैठणी. सुनंदा ओवाळायला सरसावली आणि मी ऐटीत बटण दाबलं.

MANJAR.

विहीणबाई थबकल्या. त्यांना आयुष्यभराची सवय. लिहिलेलं दिसलं की त्या मोठ्याने वाचत.

"मांजर," त्या म्हणाल्या.

अक्षरं सरकत गेली आणि पुढची ओळ आली. BOKI.

"बोकी," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी एकदा स्वतःकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

सुनंदाच्या हातातलं तबक हवेतच थांबलं. वसंताचा चेहरा ताटातल्या तांदळासारखा झाला. तेवढ्यात मंजरी आतून नटून आली आणि बोर्ड बघून इथल्या इंग्रजीत किंचाळली, "आतोबा! धिस इज कॅट, लाह!"

"दोन मिनिटं!" मी म्हणालो आणि लॅपटॉपवर तुटून पडलो. पुन्हा MANJARI पाठवलं. पुन्हा मांजर आलं. विषय बदलावा म्हणून जावयाचं नाव घातलं. AMEY चं AME झालं. भीतीने SUSWAGATAM टाकलं, तर सुस्वागता! विहीणबाई प्रत्येक शब्द वाचत होत्या. चौथीच्या वर्गात एकाच मुलाला उभं करून सारखं विचारत राहावं, तसं मला वाटायला लागलं.

"भावोजी, बंद करा हो," वसंता माझ्या कानात म्हणाला. रडायचाच बाकी होता तो. "पाया पडतो. बंद करा."

मी वायर उपटली. गुरुजींनी घाईघाईने विधी सुरू केले, फुलं आली, पेढे आले, विहीणबाईंच्या कपाळावरची आठी अर्धी उलगडली. मी मनात म्हणालो, निभावलं!

आणि तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण अमेय अंगठी घालायला उठला, आणि मला वाटलं, या क्षणी नुसते लाल दिवे तरी लुकलुकले पाहिजेत. लॅपटॉप न जोडता मी बोर्डाची वायर पुन्हा प्लगमध्ये खुपसली. वीज जाऊन आली की हा बोर्ड पोटातला जुना मजकूर दाखवायचा, हे मी साफ विसरलो होतो. जुना मजकूर म्हणजे कारखान्यातला, प्रेस मशीनवरचा.

अमेयने मंजरीचा हात हातात घेतला. मागे मोठ्ठ्या लाल अक्षरांत लखलखलं : KEEP HANDS AWAY.

यातलं एकही अक्षर गळलं नव्हतं.

अमेयने दचकून हात सोडला. अंगठी घरंगळत विहीणबाईंच्या पाटाखाली गेली. व्याह्यांनी ती शोधून दिली आणि साखरपुडा झाला एकदाचा. मग विहीणबाईंनी चष्मा पुसला आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "हे कुणाचं काम?"

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या पायाशी माझी केबल पडली होती, तिच्यातून तीन वायरी निमूट बाहेर डोकावत होत्या. TES मला आठवत होतं. आणि मी म्हणालो...

"अडॅप्टर खराब निघाला. वसंताने आणला होता."

वसंताने माझ्याकडे एकदा पाहिलं, नुसतं पाहिलं. मग मुलीचा बाप पुढे झाला, विहीणबाईंसमोर त्याने हात जोडले आणि म्हणाला, "चूक माझी."

विहीणबाई म्हणाल्या, "मुलीच्या नावातली शेवटची वेलांटी तरी सांभाळायची होती."

तेव्हापासून बोकीलांकडे वसंताचं नाव 'अडॅप्टरवाले व्याही'. पुण्याच्या लग्नात माइक बंद पडला, सगळ्यांनी वसंताकडे पाहिलं. बारशाला गॅस संपला, तरी वसंताकडेच पाहिलं! तो प्रत्येक वेळी हात जोडायचा आणि मी प्रत्येक वेळी बाथरूमला जायचो.

गेल्या वर्षी मनाचा हिय्या केला. वसंता चहाला येणार होता. तोंडाने बोलणं जमेना, म्हणून कपाटावरून बोर्ड काढला, तोच अडॅप्टर लावला, तीच केबल जोडली. (केबल मी कधी दुरुस्त केली नाही. उघडली असती तर सुनंदाने वायरी मोजल्या असत्या.) शेवटचं अक्षर गळतं, तर मजकुराच्या शेवटी एक जादा टिंब द्यायचं, म्हणजे ते बिचारं टिंबच जातं, ही युक्ती मला एव्हाना सापडली होती. मी MAAF KAR असं लिहिलं. तेवढ्यात बेल वाजली. मी बटण दाबलं.

टिंब द्यायचं राहिलं.

वसंता आत आला, चपला काढल्या, बोर्डासमोर उभा राहिला आणि सावकाश वाचलं, "माफ... का?" मग वळून म्हणाला, "भावोजी, हे मला विचारताय की तुम्हाला कुणी विचारलंय?"

आता सांगायचंच होतं. घसा साफ केला. तोंड उघडलं. आणि आतून जे बाहेर आलं, ते असं :

"अरे, तुझा तो अडॅप्टर! अजून अक्षरं खातोय बघ!"

वसंताने सवयीने हात जोडले.

"माफ करा, भावोजी," तो म्हणाला.

सगळी अक्षरं जागच्या जागी होती.