तेरड्याची गौर

गुंजवण्याचं जुनं घर धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा ठकुबाईनं निघताना पदरात तेरड्याचं बी बांधून घेतलं. तिची लेक मंदा सहाव्या वर्षी तापानं गेली होती. तिला शेताच्या बांधाशी पुरलं होतं, अन् दर पावसाळ्यात तिथं तेरडा माजायचा; पदरातलं बी त्याचंच. पुढं तो बांधही बुडाला.

नव्या घराच्या अंगणात तेरड्यासोबत सोनकी, कुर्डूही फुलू लागली. फुलपाखरं यायची, मधमाश्या यायच्या. त्यांच्या गुणगुणण्यात ठकुबाईला लेकीचं बोबडं बोलणं ऐकू यायचं. ती हळूच उत्तरही द्यायची.

यंदा ती भोरच्या बाजारातून परतली, तर वाफ्यात तेरड्याचं एकही रोप उरलं नव्हतं. माश्या उघड्या मातीवर घिरट्या घालत होत्या. नव्या सुनेनं, सुलक्षणानं, सगळा तेरडा मुळासकट उपटून घरात गौर बसवली होती.

"अगं, बी तरी धरू द्यायचं!"

"आत्या, गौर तेरड्याचीच असती. तुमीच तर म्हनला व्हता."



विसर्जनाला सुलक्षणा धरणाकडं निघाली, तशी म्हातारीनं तिच्या हातातली तेरड्याची जुडी ओढून घेतली.

"अवो, गौर पाण्यात सोडायची असती!"

"माझी मंदी एकदा गेली पाण्याखाली. पुन्यांदा म्या न्हाई सोडायची."

तिनं मलूल रोपं एकेक करून वाफ्यात खोचली. सुलक्षणा बघत राहिली. मग तिनं घरातून पाण्याची कळशी आणली, अन् वाफ्याजवळ येताच पायातल्या चपला काढल्या.