रविवारचा धूर

"खिडकी लावा आधी."

सरांच्या घरी कुणीही गेलं आणि बोलता बोलता गावाचा, लग्नाचा किंवा जेवणाचा विषय निघाला, की ते उठत, पडदा सारत आणि हे वाक्य म्हणत. खिडकी बहुतेक वेळा लावलेलीच असे. तरी ते कडी एकदा चाचपून बघत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरतो. आमचे सर तसे होते.

आम्ही एकाच ऑफिसात होतो. ते सेक्शन ऑफिसर, मी त्यांच्या हाताखाली. ते भंडाऱ्याकडचे, मी सोलापूरकडचा. दिल्लीत एवढं नातं पुरतं. निवृत्तीनंतर त्यांनी द्वारकेत पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि योगायोगाने मी त्याच सोसायटीत पलीकडच्या टॉवरमध्ये भाड्याने राहायला आलो.

खिडकीचं कारण सरांच्या बायकोने, वहिनींनी, मला सांगितलं होतं. लग्नानंतर दिल्लीतली पहिली खोली भाड्याची होती. घरमालकाने आडनाव विचारलं, त्याला ते नीट समजलं नाही, म्हणून खोली मिळाली. पुढे एकदा मटण शिजलं, वास जिन्यात गेला, चौकशी झाली आणि खोली गेली. वहिनी तेव्हा पोटुशी होत्या. त्यानंतर लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टर मिळालं. तिथे शेजारी बंगाली, मल्याळी, मणिपुरी, सगळ्यांच्या घरचे वास सगळ्यांच्या घरात. पण सर तिथेही खिडकी लावूनच जेवायचे.

"आता तर घर स्वतःचं आहे, सर. कोण काढणार आहे तुम्हाला?" मी एकदा म्हणालो.

"काढत नाहीत," ते म्हणाले. "राहू देतात. ते जास्त अवघड असतं."

निवृत्तीनंतर त्यांना चान्यांची आठवण यायला लागली. चान्या म्हणजे मटणाच्या लांब पट्ट्या, मीठ-हळद लावून वाळवलेल्या. त्यांच्या आईच्या घरी त्या चुलीच्या वर दोरीला टांगलेल्या असत आणि दिवसभर धूर खात. तो धुराचा वास त्यांना हवा होता. बाजारातून आणलेलं काहीच त्यांच्या पसंतीला उतरेना.

मग त्यांनी जुना कूलर घेतला. पंखा काढला, वाळ्याच्या जाळ्या काढल्या, आत तारा वाकवून बसवल्या. वर पट्ट्या टांगायच्या, खाली घमेल्यात लाकूड धुमसत ठेवायचं. स्वयंपाकघराच्या मागच्या छोट्या बाल्कनीत ते हे सगळं करत. वहिनी म्हणाल्या, "आयुष्यभर खिडक्या लावल्या, आणि आता धूर काढायला निघाले."

खरी अडचण लाकडाची होती. दुसरा कुणी चवीसाठी लाकूड निवडेल. सर निवडायचे ते शेजाऱ्यांच्या नाकासाठी. नाल्याकडची बाभूळ आणली तर धूर काळा आणि जड आला, खालच्या मजल्यावर लोक खोकले. कडुनिंबाने मांस इतकं कडवट झालं की वहिनींनी ते तोंडातून काढून ठेवलं. बागेत छाटणी झाली तेव्हा जांभळाच्या फांद्या आणल्या. त्या ओल्या निघाल्या. असा पांढरा लोट उठला की आग लागली समजून गार्ड धावत वर आला. निलगिरीच्या धुरातल्या चान्या मी चाखल्या आहेत. सर्दीचा बाम लावून झोपल्यासारखं वाटलं.

शेवटी त्यांना लाकूड सापडलं ते पूजेच्या दुकानात. आंब्याच्या वाळलेल्या समिधा, नीट बांधलेल्या. धूर हलका, गोडसर. पहिल्यांदाच मनासारख्या चान्या झाल्या. मला बोलावलं, खिडकी लावली, ताटलीत दोन पट्ट्या भाजून दिल्या. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी एवढा सैल पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी भेटल्या. आंटी विधवा होत्या, मुलगा परदेशात. त्यांनी विचारलं, "भाईसाहब, आज आपके यहाँ हवन था क्या? बड़ी अच्छी खुशबू आ रही थी."

सर म्हणाले, "जी."

एवढंच. एक अक्षर. मी शेजारीच उभा होतो. मला हसू आवरेना. सर मात्र लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते.

मग ते अडकलेच. रविवारी धूर निघाला की आंटींना वाटायचं, हवन झालं. प्रसाद मागायला कुणी तरी येणार, म्हणून वहिनी दर रविवारी शिरा करायला लागल्या. इकडे बाल्कनीत पट्ट्या धुरात लटकलेल्या, तिकडे गॅसवर रवा भाजला जातोय. "मटण तुमचं आणि शिरा माझा," असं म्हणत वहिनी जोरजोरात उलथणं आपटायच्या. पण त्यांचीही सोय झाली होती. शिऱ्यामुळे त्यांना बायकांच्या दुपारच्या चहाचं बोलावणं येऊ लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आंटींनी एकदा गुग्गुळ पाठवला, एकदा हवनसामग्रीचा पुडा. सोसायटीत कुणीतरी सरांना पंडितजी म्हणायला सुरुवात केली. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातला हा माणूस तो पुडा हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाला, "याचं काय करू? फेकलं तर तिचा अपमान, ठेवलं तर माझ्या बापाचा." शेवटी पुडा माळ्यावर गेला.

"बंद करा ना सर हे," मी म्हणालो.

"बंद केलं तर विचारतील, का बंद केलं," ते म्हणाले.

आंटींच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध आलं. मुलगा येऊ शकणार नव्हता. आंटी वर आल्या आणि वहिनींसमोर सरांना म्हणाल्या, "पंडित तो मंत्र पढ़ देगा. पर बेटे की जगह आप बैठ जाइए. आपके हाथ से आहुति हो जाए, बस."

सर मला सकाळी बागेत भेटले. चालत नव्हते, नुसते बाकावर बसले होते. म्हणाले, "तुमची वहिनी म्हणते, दोन आहुत्या टाका, काय बिघडतं?"

"मग?"

"इतके दिवस मी खोटं बोललो ते माझ्या घरात. तिच्या नवऱ्याच्या नावाने नाही बोलणार." थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही याल का बरोबर?"

आम्ही गेलो. आंटींनी चहा आणि मठरी ठेवली. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. सर सोफ्याच्या अगदी कडेला बसले आणि एका दमात बोलले, "आंटीजी, मैं हवन नहीं करता. कभी नहीं किया. हम बौद्ध हैं. मैं गोश्त सुखाता हूँ, आम की लकड़ी के धुएँ में. हमारे गाँव में ऐसा खाते हैं. आपने पूछा तो डर के मारे हाँ कह दिया."

आंटी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मैं तो हर इतवार खिड़की में खड़ी होकर हाथ जोड़ती थी. तो मैं किसको हाथ जोड़ती रही, भाईसाहब?"

आंटींनी आमचे कप उचलले, सरांचा तर भरलेलाच होता, आणि त्या आत गेल्या. त्या पुन्हा बाहेर येईनात, तेव्हा आम्ही दार ओढून घेऊन निघालो.

कुणी भांडलं नाही. काही दिवसांनी नोटीस लागली की प्रदूषण लक्षात घेता बाल्कनीत लाकूड जाळू नये. त्यात चूक काहीच नव्हतं. दिल्लीची हवा तुम्हाला माहीत आहे. सरांनी त्याच दिवशी कूलर कबाडीवाल्याला देऊन टाकला. पंडितजी म्हणणं थांबलं. वहिनींचं चहाचं बोलावणंही. लिफ्टमध्ये लोक मोबाइल बघू लागले.

"विकू या हा फ्लॅट," सर एकदा माझ्यादेखत म्हणाले. "भंडाऱ्याला जाऊ."

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खरं बोलून तुम्ही मोकळे झालात. लिफ्टमधून रोज मला जायचं असतं. आणि आता मी कुठेही पळणार नाही. एकदा पोटात लेकरू घेऊन निघाले होते, तेवढं पुरे."

त्यानंतर सरांनी हा विषय काढला नाही.

मला राहवेना. माझ्या मित्राचं दिल्लीबाहेर, मानेसरच्या पुढे शेताकडेला बैठं घर आहे. मोठं अंगण, जवळ वस्ती नाही, आणि जांभळाची वाळलेली लाकडं रचून ठेवलेली. एका रविवारी मटण घेऊन मी सरांना तिकडे नेलं. त्यांनी लाकूड हातात घेतलं, नखाने साल खरवडली, वास घेतला. "चांगलं आहे," म्हणाले. मी काडेपेटी पुढे केली. ते चारी बाजूंनी बघत राहिले. बघायला मोहरीच्या शेताशिवाय काही नव्हतं.

"सर, इथे कोणी काही म्हणणार नाही."

"हो ना," ते म्हणाले, आणि काडेपेटी माझ्या हातात परत दिली. "जाऊ द्या. रस्सा करू या."

आम्ही रस्सा केला. ते पोटभर जेवले, माझ्या मित्राशी हसून बोलले. येताना गाडीत त्यांना झोप लागली.

त्या थंडीतच ते गेले. सकाळी दूध आणायला खाली उतरले होते, गेटपाशीच कोसळले. गार्डने आणि इस्त्रीवाल्याने उचलून खुर्चीत बसवलं, पण तोवर संपलं होतं.

घरी आमची मराठी मंडळी जमली. मुलगी आली, बुद्धवंदना झाली. टॉवरमधले पुरुष येऊन हात जोडून गेले. दुपारी, गर्दी ओसरल्यावर, दारात आंटी उभ्या दिसल्या. खरं कळल्यापासून त्या पहिल्यांदाच वर आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या भिंत धरून आत आल्या आणि वहिनींच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. वहिनींनी पदर नीट केला, एवढंच.

मग आंटी म्हणाल्या, "बहन, पानी पिला दो."

मुलगी उठत होती. वहिनींनी तिला हाताने थांबवलं. स्वतः उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन आल्या. आंटी ते सगळं प्यायल्या, त्यांनी ग्लास जमिनीवर ठेवला, वहिनींच्या खांद्यावर हात टेकून उठल्या आणि हळूहळू निघून गेल्या.

थोड्या वेळाने मी निरोप घ्यायला आत डोकावलो. वहिनी सिंकपाशी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. नळ चालू होता, आणि त्या तो एकच ग्लास कितीतरी वेळ विसळत होत्या.