वळणावरचे झेब्रे

उत्तर थायलंडमधल्या चियांग मायकडून वर येणाऱ्या घाटात आमच्या गावाखालच्या वळणावर एक देव बसला आहे. त्याला झेब्रे आवडतात, असं कुणी ठरवलं कुणास ठाऊक. अपघातातून वाचलं की झेब्रा वाहायचा, नवी गाडी घेतली की झेब्रा. सिमेंटचे, पट्टे रंगवलेले, कोंबडीएवढे आणि घोड्याएवढेही. येणारा-जाणारा तीनदा हॉर्न वाजवतो, हात जोडतो आणि पुढे जातो. वळणाखाली माझं गॅरेज आहे. मोडलेल्या मोटारसायकली माझ्याकडेच येतात, त्यामुळे या देवाची कृपा मी फार जवळून पाहिली आहे.

गॅरेजशेजारी कियांगमावशीची टपरी. चिकट भात, भाजलेलं डुकराचं मांस आणि वर फुकटच्या शिव्या. नवरा लवकर गेला, तरी या बाईने एकटीने मुलगी ओराथाई वाढवली, शिकवली, तालुक्याच्या दवाखान्यात नोकरीला लावली. मावशीने कुणापुढे मान तुकवल्याचं मला आठवत नाही. फक्त वळणावरच्या देवापुढे तुकवायची. रोजचा पहिला भात आणि लाल सरबताची बाटली त्याला.

त्या संध्याकाळी ओराथाई मोटारसायकलवरून घाट चढत होती. वरून गावप्रमुख सुथेप कोबीने भरलेला पिकअप घेऊन उतरत होता. त्याने रीतीप्रमाणे हॉर्न वाजवला, स्टिअरिंग सोडून हात जोडले, आणि पोरीला उडवलं. कोबीचे गड्डे माझ्या दारापर्यंत घरंगळत आले. मी आणि मावशी धावलो, तेव्हा ओराथाई गटारात पडली होती आणि तिचा पाय भलत्याच दिशेला वळला होता.

पोर वाचली, तेव्हा सगळं गाव म्हणालं, देवाने राखलं. माझं डोकंच फिरलं. प्लॅस्टर निघालं की पोरीला याच रस्त्याने कामावर जायचं होतं, दुसरा रस्ताच नाही. मावशी सुथेपकडे गेली, झेब्र्यांच्या गर्दीने वळणापलीकडचं काही दिसत नाही, ते हलवा म्हणाली. तो हसला. देवाचं देणं कुणी उचलतं का, म्हणाला. रस्तेवाल्यांनीही कानावर हात ठेवले.

मग सुथेप नवस फेडायला आला. पिकअपमध्ये माणसापेक्षा उंच झेब्रा, मागे अर्धा गाव. मावशी टपरीतून उठली, ओराथाईची मी दुरुस्त केलेली मोटारसायकल ढकलत वळणाच्या तोंडाशी नेली.

"प्रमुखसाहेब, बसा यावर."

माणसं बघत होती, म्हणून तो बसला.

"काय दिसतं?"

"झेब्रे."

"आणि वरून येताना माझी पोर दिसली होती?"

सुथेपने खाली पाहिलं. "नाही, मावशी."

"मग हा आणखी एक कशाला आणलास मेल्या? माझ्या पोरीचा दुसरा पाय उरलाय म्हणून?"

तिने पदर खोचावा तसा सारोंग वर खोचला आणि पुढचा झेब्रा उचलून मागे डोंगराच्या कडेला नेऊन ठेवला. कुणीतरी म्हणालं, देव कोपेल.

"कोपू दे. रोज माझा भात खातो, घर त्याला माहीत आहे."

मदतीला कुणी हललं नाही. एवढे सगळे धडधाकट बाप्ये, आणि सगळे सिमेंटचे झाले होते. मी पाना टाकला आणि गेलो. तेवढ्यात ओराथाई कुबडी टेकत आली. तिने ढिगाच्या तळातून एक लहानसा झेब्रा ओढून काढला. त्याचे पट्टे उडाले होते.

"आई, हा आपलाच ना? मी गाडी घेतली तेव्हाचा?"

मावशीने तो हातात घेतला. आपणच वाहिलेल्या त्या झेब्र्याच्या उडालेल्या पट्ट्यांवरून तिने अंगठा फिरवला. मग तिने तो दरीत भिरकावला, खांद्यालाच तोंड पुसलं, आणि पुढचा उचलायला वाकली.