शिशाचा पाचवा इलेक्ट्रॉन

भर लग्नात पंगतीतून जावयाला उठवायला जाऊन वर टाळ्या घेऊन परतलेला माणूस अख्ख्या शिरूर-दौंड पट्ट्यात एकच, आमच्या ज्युनियर कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर. मी तिथं खेळाचा मास्तर. सर एसटीत बसले की तिकीट मागणाऱ्या कंडक्टरला आधी एसटीचा पत्रा का गंजतो ते सांगत. घरी भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वाढलेल्या खिम्यात लिंबू पिळताना आम्लावर व्याख्यान देत आणि खिमा गार करून खात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडगाव रासाईच्या फुलवाल्यांची सुनंदा वर्गात उभी राहिली. "सर, शिशाच्या अणूचं केंद्र तेच, त्याचा जोर तेवढाच. मग पहिल्यापेक्षा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला जास्त ताकद का लागती?" सरांनी पुस्तकातलं उत्तर दिलं. "ते पाठ हाय सर, पर कळलं न्हाई. पाठच करायचं तर आर्ट्सला जाते." आणि खरंच ती वर्गात येईना. सरांना अन्न गोड लागेना.

त्याच आठवड्यात राहू गावात एक लग्न होतं. पंगत खच्चून भरलेली, कोपराला कोपर लागत होतं. यजमान एकटेच जिलेबीचा आग्रह करत फिरत होते. सर एकदम ओरडले, "सापडलं!" आणि मला दंडाला धरून उठवलं. यजमानांना पत्ताही लागला नाही. शेजारच्याला ओढलं, तर यजमान म्हणाले, "बसा हो!" तिसऱ्याला त्यांनी खांद्यावर दाबून बसवलं. चौथ्याच्या तोंडात जिलेबी कोंबली, तरी सरांनी दोघांनाही ओढून काढलंच. मग सरांनी आतल्या पंगतीतल्या जावयालाच हात घातला, आणि यजमानांसकट अख्खं घर धावून आलं!

"जावयाला कुठं नेता?"

"हाच पाचवा!" सर आनंदानं नाचत होते. "शिशाचे बाहेरचे चार उठले, हा आतल्या घरातला!"

हार घेऊन आलेली सुनंदा मांडवाच्या दारात हसत उभी होती. "म्हंजी यजमान तोच, पर माणसं उठली की रेटारेटी कमी, आन् उरलेल्यांना आग्रह जास्त. व्हय ना सर?"

सरांनी तिथंच टाळ्या पिटल्या. काही न कळताही सगळा मांडव टाळ्या पिटू लागला. सोमवारी सुनंदा पहिल्या बाकावर होती.

सर आता निवृत्त होऊन दौंडला असतात. अलीकडे त्यांना फारसं आठवत नाही. कधी मलाच विचारतात, "आपण कोण?" पण चहा आला की हमखास म्हणतात, "ती वडगाव रासाईची पोरगी काय करते हो?"

"केमिस्ट्री शिकवते, सर."

"आँ? खरंच?" ते टाळी देतात, डोळे पुसतात. कप रिकामा व्हायच्या आत पुन्हा विचारतात. मी पुन्हा सांगतो, आणि त्यांना पुन्हा तेवढाच आनंद होतो.