गिऱ्हाईक एकदाच मोजायचं

शेतीच्या औषधांच्या दुकानात किस्से साठवायला फार काही लागत नाही, एक कॉम्प्युटर घ्यायचा! पंचवटीतल्या भाऊंच्या दुकानात दोन हजार सालच्या आसपास तो माझ्या ताब्यात होता. कंपनीने भाऊंना बजावलं होतं, तुमच्या गिऱ्हाइकांच्या डाळिंबाच्या बागा एकूण किती एकर ते दाखवा, कमी भरल्या तर एजन्सी दुसऱ्याला. भाऊंची झोप उडाली होती.

* * *

मी बेरीज काढली. भाऊंनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "लोकांनी गच्चीवर पण डाळिंब लावलं काय?"

प्रत्येक बिलावर शेतकऱ्याची जमीन लिहिलेली असायची. तीन एकरवाला दहा वेळा औषध न्यायला आला, की कॉम्प्युटर त्याचे तीस एकर धरायचा.

भाऊ म्हणाले, "म्हणजे फवारणी केली की बाग वाढते? मग तेच छापू ना डब्यावर!"

* * *

मग एक नाव एकदाच धरलं. देवळ्याकडचं एक गाव निम्मं आहेरांचं, त्यात रामदास नावाचे पाच. चौघांच्या बागा गायब झाल्या.

बिलं करणाऱ्या सुनंदाताई म्हणाल्या, "अरे, त्या पाचांत एकच भांडकुदळ आहे. नेमका तोच ठेवलास."

* * *

शेवटी फोन नंबर धरला. एका नंबरला एक शेतकरी, जमीन एकदाच. आता बेरीज फारच कमी भरली, आणि तोवर कंपनीचे साहेब येऊन बसलेही होते. त्यांनी यादीतल्या पहिल्या नंबरवर बोट ठेवलं.

"हा दोन एकरवाला एवढं औषध नेतो कुठे? अंघोळीला वापरतो?"

भाऊंचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "चला, त्यालाच विचारू."

* * *

जीप आहेरांच्या गावात गेली. तो नंबर निघाला पीसीओचा. दारात कुंडीतली तुळस, एवढीच काय ती शेती.

बूथवाला म्हणाला, "बाग नाय सायेब, फोन तेवढा मना शे. सारं गाव हाच नंबर देतं."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "बोलवा सगळ्यांना. मी स्वतः मोजतो."

भाऊंनी चहाची किटली मागवली. जो येऊन आपले एकर सांगेल, त्याला चहा. गर्दी चांगली जमली. बेरीज करून साहेब खूश झाले. "कॉम्प्युटरवर विसंबू नका हो. एजन्सी तुमचीच."

परतीच्या वाटेवर साहेब पुढच्या सीटवर डुलक्या घेत होते. मागे भाऊंनी मला हळूच विचारलं, "ते लाल मुंडासंवाले बाबा चहाला किती वेळा आले रे?"

"तीनदा."

भाऊंनी डुलणाऱ्या साहेबांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "चहा चांगला होता."